कोंडीरामच्या छातीवरचा मोजा

कोंडीरामला आपण ओळखत होतो असं हेमचंद्र कधीच ठामपणे म्हणाला नाही, आणि ते बरोबरच होतं. कोंडीरामच्या गावाचं नावसुद्धा त्याला धड ठाऊक नव्हतं. पाटणच्या बाजूचं कुठलंतरी, एवढंच. कोंडीराम मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर कापड विणायच्या कामाला होता. डिलाईल रोडच्या एका चाळीत राहायचा. तंबाखू स्वतःची खायचा आणि चुना दुसऱ्याचा. तो मुंबईत कसा आला, त्याचे आईवडील कोण, एकटा असला की कशाचा विचार करायचा, यातलं काही विचारलं असतं तर हेमचंद्र गप्प बसला असता. दोघांची गाठ पडली ती एका यंत्रामुळे. तेवढ्या ओळखीतलं जे उरलं ते हे असं आहे. त्यातही थोडं इकडचं तिकडे झालं असेल.

परळ नाक्याजवळ रामदासशेठचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात रेडिओ दुरुस्त व्हायचे आणि सभांना माईक आणि भोंगे भाड्याने जायचे. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. आज नरे पार्क, उद्या कामगार मैदान, परवा कुठल्या तरी चाळीचं पटांगण. भोंग्यांना दुकानात येऊन धूळ खायलाही सवड मिळत नव्हती. हेमचंद्र गिरगावातून तिथे कामाला येत असे. वडील कचेरीत कारकून, आजोबा कारकून. मुलगा हातात डाग द्यायचा कैय्या घेऊन दिवसभर तारा डागत बसतो हे घरात कुणाला फारसं पटलेलं नव्हतं. त्यालाही अधूनमधून शंका यायचीच. तो बोलायचा कमी. सभेला माईक लावायला गेला की "हॅलो, हॅलो" म्हणायचं कामसुद्धा दुसऱ्याला सांगायचा.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर एक दिवस पहिली पाळी सुटल्यावर कोंडीराम दुकानाची पायरी चढला. केसांत कापसाचे बारीक तंतू, अंगात सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात सिगारेटच्या पाकिटाएवढी एक डबी. डबीच्या तोंडाला बारीक जाळी. तिच्यातून निघालेली वायर मानेवरून कानात गेलेली.

"मास्तर, यात समुद्र घुसलाय," तो म्हणाला. साचेखात्यातल्या माणसांसारखाच तो मोठ्यानं बोलायचा. समोरच्या फुटपाथवरची दोन माणसं वळून बघायला लागली.

"मी मास्तर नाही," हेमचंद्र म्हणाला.

"बरं. तर मास्तर, भाचा जहाजावर आहे, त्यानं आणली ही डबी. ऐकू येण्याची. खोलीत झ्याक चालते. गॅलरीत आलो की बोंबलायला लागते. रस्त्यावर तर विचारूच नका."

ऐकण्याचं काम आलं की पंखा बंद करायचा, असा रामदासशेठचा दुकानातला नियम होता. पंखा जुना होता, खडखडायचा. त्या खडखडाटात रेडिओची बारीक घरघर कळत नसे. हेमचंद्रानं उठून पंखा बंद केला, डबी उघडली, सेल पाहिला, तारा पाहिल्या, वायरच्या टोकाचं बोंड स्वतःच्या कानात घालून टेबलावर नख घासलं. डबी ठणठणीत होती.

"काही झालेलं नाही हिला," तो म्हणाला.

"बरं," म्हणून कोंडीराम गेला. चार दिवसांनी परत आला. "समुद्र अजून आहे."

पुन्हा पंखा बंद. पुन्हा डबी ठणठणीत.

अशा तीन-चार खेपा झाल्या. या खेपांत हेमचंद्राच्या लक्षात एक गोष्ट आली. कोंडीरामला हेमचंद्राचं बोलणं नीट ऐकू यायचं, पण रामदासशेठ काही बोलला की कोंडीराम नुसता बघत राहायचा. रामदासशेठच्या मिशा भरघोस होत्या, ओठांवरून खाली आलेल्या, आणि त्यांचा त्याला अभिमान होता.

"याला मी दिसत नाही का?" शेठ एकदा चिडून म्हणाला.

"शेठ काय म्हणतात?" कोंडीरामनं हेमचंद्राला विचारलं.

"तुम्हाला ते दिसत नाहीत का, असं विचारतात."

"दिसतात की. मिशी तेवढी कापा म्हणावं, बोलणं अडतंय."

रामदासशेठ दोन दिवस या गिऱ्हाइकाबद्दल बोलत होता.

दुसरी गोष्ट अशी, की दुकानात बसल्या बसल्या कोंडीराम समोरच्या इराण्याकडे बघायचा आणि काचेपलीकडची माणसं काय बोलतात ते सांगायचा. "तो टोपीवाला सासऱ्याला शिव्या देतोय," तो म्हणायचा. "आणि गल्ल्यावरचा म्हणतोय, बिस्किटं शिळी आहेत, आधी ती काढा." हेमचंद्राला वाटायचं, थट्टा करतोय. पण एकदा तो चहाला गेला तर बिस्किटं खरंच शिळी होती.

ज्या दिवशी हे कोडं सुटलं त्या दिवशी रामदासशेठ भोंगे घेऊन कुठल्याशा सभेला गेला होता. दुपारचं ऊन पत्र्यावरून आत उतरत होतं आणि हेमचंद्र पंखा बंद करायचं विसरला. कोंडीराम पंख्याखालच्या स्टुलावर बसला, डबी खिशात, बोंड कानात, आणि अर्धा तास गप्पा मारत राहिला. मिलमधला मुकादम, म्हणजे जॉबर, चाळीतलं पाणी, मुलगी बकुळा. एकही प्रश्न त्याला दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही.

"आज तर डबी फारच छान चाललीय," हेमचंद्र म्हणाला.

"कुठं छान? आत नुसता घूं घूं चाललाय. कान फुटायची वेळ आली."

हेमचंद्रानं बोंड मागून घेतलं आणि स्वतःच्या कानात घातलं. कुणीतरी ताडपत्री फाडत असावं तसा आवाज झाला. त्यानं दचकून बोंड काढलं. वर पंखा गरगरत होता. तो बंद केला. डबी शांत झाली. चालू केला, पुन्हा ताडपत्री.

"कोंडीरामभाऊ, या आवाजात तुम्ही माझं बोलणं ऐकलंत कसं?"

"ऐकलं की. तोंड दिसतंय ना तुमचं."

आता कुठे हेमचंद्राला उलगडा झाला. साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडत असतात. तिथे ओरडून काही कळत नाही, म्हणून साचेवाले ओठांनी आणि बोटांनी बोलतात. पोटावरून हात फिरवला की जॉबर आला. दोन बोटं ओठांना लावली की बिडी ओढायला चल. बाकीचं सगळं ओठ बघून. कोंडीराम तरुणपणापासून असाच ऐकत आला होता. कान कधी गेले ते त्याला कळलंही नाही, कारण त्याचं काही अडलं नव्हतं. ओठांवरचं वाचणं आणि कानानं ऐकणं यांना त्याच्या लेखी दोन वेगळी नावं नव्हती. दुकानातल्या सगळ्या परीक्षा तो पास झाला होता आणि हेमचंद्र डबीला मार्क देत बसला होता.

"मग तुम्हाला डबी हवी कशाला?" हेमचंद्रानं विचारलं.

कोंडीरामनं तंबाखू मळणं थांबवलं. "बकुळेसाठी," तो म्हणाला.

बकुळा त्याची धाकटी. शिवणवर्गात शिकवायची आणि समितीच्या बायकांबरोबर फिरायची. येत्या महिन्यात वरळी कोळीवाड्यात समितीची सभा होती आणि तिथे ती पहिल्यांदा भाषण करणार होती. घरात तिची तयारी चालली होती. पण बाप ओठ वाचतो हे तिला पक्कं माहीत, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पाठ करायची. एकदा आरशासमोर उभी राहिली, तर यानं आरशातून पहिली दोन वाक्यं टिपली. तेव्हापासून ती तोंडाला पदर लावून म्हणायची.

"मी म्हटलं, सभेला येतो. तर म्हणते, बाबा, तुम्ही येऊन काय करणार? माईक तोंडाच्या पुढ्यात असतो. ओठ दिसायचे नाहीत." कोंडीरामनं पुन्हा तंबाखू मळायला घेतली. "खरंच आहे ते. सभेला मी जातो सगळ्या. घोषणा देतो. पण वक्ता काय म्हणाला ते मला दुसऱ्या दिवशी खात्यातली माणसं सांगतात. आता उद्या ती मला विचारतील, काय बोलली पोरगी? आणि मी त्यांनाच विचारू?"

हेमचंद्रानं डबी पुढे ओढली.

दोष डबीत नव्हताच. वारा जाळीवर आपटला की आतला पडदा थरथरायचा. डबीला वाटायचं कुणीतरी बोलतंय, आणि ती बिचारी इमानानं ते मोठं करून कानात ओतायची. चाळीची गॅलरी, रस्ता, पंखा, सगळीकडे एकच चोर. पण आवाज वाऱ्याचा की दुसरा कसला, हे कोंडीरामला ओळखता यायला हवं होतं. तो प्रत्येक घरघर समुद्राच्या नावावर लावायचा. हेमचंद्रानं टेबलावर छोटा पंखा मांडला आणि त्याला एक सोपी खूण शिकवली.

"पाठ फिरवून बघा. माणसाचं बोलणं चारी बाजूंनी येतं, ते पाठ फिरवली तरी राहतं. पाठ फिरवल्यावर जे कमी होतं तो वारा."

कोंडीराम फिरला. परत फिरला. "अरे वा," तो म्हणाला, आणि पुढचा आठवडाभर चाळीत, नाक्यावर, बसच्या रांगेत तो मधूनच गर्रकन फिरायचा. चाळीत कमळाबाई नावाची शेजारीण होती; तिनं सुंदराबाईला, म्हणजे कोंडीरामच्या बायकोला, जपून विचारलं की भावजींना चक्कर वगैरे येते का.

ओळखणं जमलं, अडवणं राहिलं. हेमचंद्रानं जाळीवर रुमाल बांधून पाहिला, वारा रुमालातून आला. कापूस दाबून भरला, तर वारा थांबला आणि बोलणंही थांबलं. कोंडीरामला वाटलं, कापडाचं काम आहे म्हणजे आपलं काम आहे. तो मोठ्या ऐटीत मिलच्या कापडाचा तुकडा घेऊन आला. "आमच्या साच्याचं आहे," तो म्हणाला. कापड कोरं होतं, खळीनं कडक. डबीला गुंडाळलं आणि जरा हललं की कानात पापड मोडल्यासारखं व्हायचं.

"धुऊन आणतो," तो पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला. धुऊन आणलं तर ते आटलं.

पुढच्या रविवारी सुंदराबाई स्वतः दुकानात आली. कडेवर नातू रघू, डोक्याला कुंची, पायांत लोकरीचे मोजे. मुंबईत जेवढी थंडी पडते तिच्या मानानं चांगलाच बंदोबस्त होता.

"भाऊ, हे किती दिवस चालायचं?" ती हेमचंद्राला म्हणाली. "घरात कापडं, इथं कापूस. त्या डबीचं लग्न काढलंय का?"

"वारा लागतो तिला," कोंडीराम म्हणाला.

"तुम्हाला ताप आला तेव्हा एवढं नाही केलं कुणी."

रघूला पंखा आवडला असावा. तो पाय झाडायला लागला आणि एक मोजा निसटून टेबलावर पडला. सुंदराबाईनं तो उचलला, रघूच्या पायाकडे बघितलं, डबीकडे बघितलं.

"ह्याच्या पायाला गार लागत नाही यातून. तिला कसं लागेल?" असं म्हणून तिनं डबी मोज्यात घातली आणि वर वायरपाशी नाडी आवळली.

"मोजा घालून सभेला जाऊ?" कोंडीराम म्हणाला.

"तुम्ही नका घालू. डबी घालेल."

हेमचंद्रानं पंखा लावला. कोंडीरामला पाठमोरा उभा केला, म्हणजे ओठ दिसायला नकोत, आणि मागून हळूच म्हणाला, "रघूचा पाय उघडा पडला."

"दुसऱ्या पायात आहे की एक," कोंडीराम पाठमोराच म्हणाला.

मोज्यातून वारा येतच नव्हता असं नाही. पण ताडपत्री फाटत नव्हती; लांब कुणीतरी सूप पाखडत असावं तेवढंच राहिलं होतं, आणि बोलणं त्याच्या वरून येत होतं. मोजा खिशात कोंबला तर सदरा घासायचा, म्हणून डबी गळ्यात दोरीनं बाहेर लोंबत ठेवायची असं ठरलं. मोजा पिवळा होता आणि त्याला लाल गोंडा होता. गोंडा कापायला सुंदराबाई तयार झाली नाही.

सभेच्या दिवशी माईक लावायला हेमचंद्रच गेला. वरळी कोळीवाड्यात होड्या ओढून ठेवलेल्या जागेजवळ व्यासपीठ बांधलं होतं, समुद्राकडे पाठ करून. बाजूला सुकत घातलेल्या मासळीच्या ओळी, समोर सतरंज्या, आणि समुद्रावरून सुटलेला असा वारा की व्यासपीठावरचे पुढारी टोप्या धरून बसले होते. हेमचंद्रानं माईकला दोन रुमाल गुंडाळले. एक भोंगा व्यासपीठाशी बांधला, दुसरा सभेच्या मागच्या टोकाच्या खांबावर, तोंड सतरंज्यांकडे.

कोंडीराम पहिल्या ओळीत येऊन बसला. धुतलेला सदरा, फेटा, आणि छातीवर गोंड्याचा पिवळा मोजा. शेजारची कोळीण त्या मोज्याकडे बघत राहिली. "देवाचं काही आहे का?" तिनं विचारलं.

"मुलीचं," कोंडीराम म्हणाला. तिनं समजल्यासारखी मान हलवली.

दोन भाषणं झाली. मग बकुळाचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, पदर खोचला, माईकपाशी आली. माईकनं तिचा चेहरा नाकापर्यंत झाकला. तिनं "बंधुभगिनींनो" म्हटलं आणि त्याच क्षणी समुद्रावरून वाऱ्याचा असा झोत आला की एका पुढाऱ्याची टोपी मासळीत जाऊन पडली.

व्यासपीठामागून हेमचंद्र कोंडीरामकडेच बघत होता. कोंडीरामनं बोंड कानात दाबलं. मोजा हातानं झाकला. मान तिरकी केली. त्याचा चेहरा रडवेला झाला. मोज्याची ताकद पंख्यापुरती होती. मग त्याला काहीतरी आठवलं. तो बसल्या जागी गर्रकन फिरला आणि व्यासपीठाकडे पाठ करून, सगळ्या सभेकडे तोंड करून बसला.

वारा त्याच्या पाठीवर आपटला. मोजा पोटाशी सुरक्षित. समोर, मागच्या खांबावरून भोंगा थेट त्याच्याकडे बोलत होता. कोंडीरामचा चेहरा उजळला.

सभेचा चेहरा मात्र उजळला नाही. समितीच्या सभेत, पहिल्या ओळीत, बाई बोलायला उभी राहिल्याबरोबर एक माणूस पाठ फिरवून बसतो, याचा अर्थ त्या दिवसांत एकच होता: विरोधकांनी पाठवलेला माणूस. कुजबूज सुरू झाली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुजबुजणारे सगळे कोंडीरामच्या समोर होते, मावळतीच्या लख्ख उजेडात, ओठांसकट.

"कोण आहे हा?" चौथ्या ओळीतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला.

"डिलाईल रोडचा," कोंडीरामनं परस्पर उत्तर दिलं.

तो माणूस गडबडला. पलीकडची बाई पदराआड काहीतरी पुटपुटली. पदरामुळे ते कोंडीरामला कळलं नाही, पण तिच्या नवऱ्यानं दिलेलं उत्तर कळलं. "नाही हो, कुणी पैसे नाही दिलेत मला," तो त्याला म्हणाला.

बुधाजी म्हणून कोळीवाड्यातला एक स्वयंसेवक होता, छातीला बिल्ला, आवाज दर्यावरचा. तो पुढे आला. "काका, तोंड तिकडं करा."

"तिकडून ऐकू येत नाही."

"तिकडंच बोलतायत ना बाई."

"बोलते तिकडं, ऐकू इकडं येतं. सरका जरा, भोंगा अडतोय."

बुधाजीला यात काहीतरी मोठा कावा दिसला. त्यानं कोंडीरामच्या दंडाला हात घातला. मागून दोघंतिघं उठली. बकुळा बोलायची थांबली.

हेमचंद्र उठला. धावत जाऊन चार शब्द सांगायला हवे होते. पण समोर दोन हजार माणसं होती. तो एक पाय पुढे टाकून तसाच उभा राहिला. त्याला दिसत होती ती बकुळा: बापाची पाठ बघत उभी. क्षणभर तिचा चेहराही दुखावल्यासारखा झाला. मग तिला फेट्याच्या खालून निघालेली वायर दिसली.

"बुधाजीभाऊ, सोडा त्यांना," ती माईकमधून म्हणाली. "ते माझे वडील आहेत. पाठमोरे बसलेत, कारण ते ऐकतायत. समोर बसलेत ते कुजबुजतायत."

सभा हसली. कोळणी सगळ्यात मोठ्यानं हसल्या. बुधाजीनं दंड सोडला, पण जायच्या ऐवजी तो कोंडीरामच्या शेजारी बसला आणि भोंग्याच्या आड येणाऱ्यांना हातानं बाजूला करू लागला. बकुळानं "बंधुभगिनींनो" पुन्हा म्हटलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कोंडीराम मांडीवर हात ठेवून, डोळे घट्ट मिटून बसला होता. हेमचंद्राला त्या भाषणातलं फारसं आठवत नाही. तो डोळे मिटलेल्या चेहऱ्याकडेच बघत होता.

सभा संपल्यावर बकुळा खाली आली. बायकांत बसलेली सुंदराबाई आधीच येऊन तणतणत होती, "सगळ्या गावासमोर तमाशा."

"काय ऐकलंत, सांगा," बकुळा म्हणाली.

"सगळं," कोंडीराम म्हणाला. "मुंबईचं आलं, मिलचं आलं, शिवणवर्गाचं उगाच आलं. आणि 'बंधुभगिनींनो' दोनदा झालं."

"ते तुमच्यामुळे."

"मला वाटलं, तसंच असेल." मग छातीवरचा मोजा सारखा करत तो म्हणाला, "आवाज तुझा आईवर गेलाय. जरा हळू लावायला पाहिजे डबी."

बकुळा हसली आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी साचेखात्यात कोंडीरामनं सगळं भाषण ओठांनी म्हणून दाखवलं, असं हेमचंद्राच्या कानावर आलं. खरं असावं.

त्या दिवशी काम केलं ते मोज्यानं की पाठीनं, हे हेमचंद्राला नीट कळलं नाही. कदाचित खांबावरच्या भोंग्यानं. त्यानं पुढे सभांच्या माईकला लोकरीचं टोपडं घालून पाहिलं. कधी चाललं, कधी नाही.

महाराष्ट्र झाला. सभा ओसरल्या, भोंगे लग्नांना जाऊ लागले. कोंडीराम सेल घ्यायला येत राहिला, कधी बोलायचा, कधी नुसता इराण्याकडे बघत बसायचा. मिल सोडून तो गावी गेला आणि तिकडेच वारला, हे हेमचंद्राला पुष्कळ उशिरा, रस्त्यात भेटलेल्या बुधाजीकडून कळलं. कोंडीराम दुकानात शेवटचा आला तेव्हा काही विशेष घडलं नव्हतं. रविवार होता. डबीतली एक तार सुटली होती आणि दुकानात गर्दी होती.

"आज होणार नाही," हेमचंद्र म्हणाला. "ठेवून जाता?"

"ठेवतो. उद्या येऊ?"

"उद्या सोमवार. दुकान बंद."

"मग मंगळवारी पाठवतो कुणाला तरी."

"पाठवा," हेमचंद्र म्हणाला.